पेन्शन येणाऱ्या फौजी मेकॅनिकनं गॅरेज टाकावं का? ईएमईतल्या जुन्या माणसाचं उत्तर

प्रश्न एका ताईंचा आहे. मिस्टर आर्मीत ईएमईमध्ये, म्हणजे गाड्या-मशीन दुरुस्त करणाऱ्या कोअरमध्ये, व्हेईकल मेकॅनिक, वय ३९, पुढच्या वर्षी पेन्शन येतायत, म्हणजे निवृत्त होतायत. गाव कोरेगाव तालुक्यात, दोन पोरं शाळेत, घरात सासू-सासरे. मिस्टर म्हणतात गॅरेज टाकतो, सासरे म्हणतात सिक्युरिटीत लाग नाहीतर बँकेत गार्ड हो, महिन्याला पगार तरी दिसेल. आणि ताईंचा स्वतःचा प्रश्न शेवटी एका ओळीत आलाय, की इतकी वर्षं घर मी एकटीनं चालवलं, आता दोघांनी मिळून कसं चालवायचं.

ताई, मी पण ईएमईचाच. सिकंदराबादला ट्रेनिंग, हवालदार म्हणून पेन्शन आलो, २०१२ पासून रहिमतपूर रोडला गॅरेज आहे, ट्रॅक्टर, पिकअप, टेम्पो, सीझनला ऊसाच्या ट्रॉल्या. माझ्याकडं दरवर्षी दोन-चार नवीन पेन्शनर येऊन बसतात, चहा पितात आणि हेच विचारतात, त्यामुळं जरा लांबलचक लिहितो.

सरळ उत्तर आधी देतो. गॅरेज टाकू द्या, पण आल्या आल्या नको आणि फंडाचे सगळे पैसे घालून तर अजिबात नको. काम त्यांना येतं, त्याची काळजी करू नका. जे येत नाही ते दुसरंच आहे, गिऱ्हाइकाकडं पैसे मागणं आणि रोज घरात राहणं, या दोन गोष्टी फौज कुणालाच शिकवत नाही. आणि गंमत अशी की या दोन्ही तुम्हाला येतात. कारण एवढी वर्षं तुम्ही तेच केलंय, दुकानदाराशी भाव केला, शाळेची फी भरली, पाहुणेरावळे सांभाळले, उसनंपासनं फेडलं. म्हणून माझं म्हणणं असं आहे की तुमचे दोन प्रश्न वेगळे नाहीतच, गॅरेजचा हिशोब तुम्ही घ्या आणि घरातलं काम त्यांच्याकडं द्या. बाकीचं खाली सांगतो ते सगळं याच्याच भोवती आहे.

आधी कामाचं, कारण सासऱ्यांना कदाचित कल्पना नसेल पोरगा नक्की करतो काय. ईएमई ही कोअर १५ ऑक्टोबर १९४३ ला उभी राहिली. आर्मीची गाडी, तोफ, रणगाडा, जनरेटर, रडार जे काय आहे ते चालू ठेवायचं काम हिच्याकडं. 'कर्म ही धर्म' हे ब्रीद. युनिटबरोबर दुरुस्तीची छोटी तुकडी, एलएडी, असते, तिच्या मागं फील्ड वर्कशॉप, आणि पार मागं बेस वर्कशॉप, आपल्या खडकीचं ५१२ त्यातलंच. पुढच्या पोरांच्या हातात जे असतं त्यातच भागवायचं असतं, पार्ट मागवला तर तो येणार कधी ते देवाला माहीत, तोवर गाडी चालली पाहिजे. शक्तिमान, निसान, जोंगा, जिप्सी, मग स्टॅलियन, एवढ्या गाड्या या हातांखालून गेलेल्या असतात. द्रास-लेहकडं थंडीत डिझेल टाकीत घट्ट होतं. २०१९ मध्ये इंडियन ऑईलनं लडाखसाठी उणे ३३ डिग्रीपर्यंत चालणारं विंटर डिझेल आणलं, त्याच्या आधी डिझेलमध्ये रॉकेल मिसळ, संपखाली शेगडी धर, फिल्टरवर गरम पाणी ओत असले धंदे चालायचे. वर हवा विरळ, इंजिनला दम लागतो, काळा धूर सोडतं, नवीन ड्रायव्हर म्हणतो पंप गेला, जुना मेकॅनिक आवाज ऐकून सांगतो पंप ठीक आहे, जागाच उंच आहे. असा माणूस गावात आला की नुसत्या आवाजावरनं निम्मे फॉल्ट सांगतो. हे कुठल्या कोर्सला मिळत नाही.

पण एक गॅप आहे आणि ती कबूल करायला फौजी तयार नसतात. १ एप्रिल २०२० पासून बाहेर सगळ्या नवीन गाड्या बीएस-६, म्हणजे धुराच्या कडक नियमातल्या. पिकअपला सुद्धा कॉमन रेल, सेन्सर, धुराड्यात काजळी गाळणारा डीपीएफ, मोठ्या गाडीला युरियाची टाकी वेगळी. तिथं कान चालत नाही, स्कॅनर लावावा लागतो आणि स्कॅनरनं दाखवलेला कोड म्हणजेच फॉल्ट नव्हे हे पण शिकावं लागतं. ट्रॅक्टरमध्ये ५० एचपीच्या वरच्याला १ जानेवारी २०२३ पासून ट्रेम-४ हा धुराचा नियम लागू झाला, त्याच्या खालचे अजून जुन्या पद्धतीच्या पंपावर आहेत आणि आपल्या भागात जास्त तेच, म्हणजे निम्मं काम आत्तापासूनच त्यांच्या हातचं आहे. उरलेल्या निम्म्यासाठी सहा-आठ महिने दुसऱ्याच्या चालत्या गॅरेजला किंवा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला काम करावं, पगार कमी का असेना. पेन्शनच्या आधी डीजीआरचे, म्हणजे फौजींच्या पुनर्वसन खात्याचे, कोर्स असतात, युनिटमधनंच अर्ज जातो, ते घ्याच. तिथं बरेच जण जे येतं तेच पुन्हा शिकायला बसतात, सर्टिफिकेट फुकट मिळतं म्हणून. त्यापेक्षा इलेक्ट्रिक गाड्या, ऑटो इलेक्ट्रॉनिक्स नाहीतर सरळ धंद्याचे हिशोब कसे ठेवायचे असला कोर्स घ्यायला सांगा.

आता माझ्या उस्तादांबद्दल लिहितो, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी त्यांच्या घरात बघितलंय. नाव लिहीत नाही, त्यांना आवडलं नसतं. खटाव तालुक्यातले, साठच्या दशकात भरती झालेले. १९७१ च्या युद्धात पाकिस्तानातल्या शकरगडच्या बाजूला सेंच्युरियन रणगाड्यांच्या रेजिमेंटबरोबर एलएडीत होते. सेंच्युरियनला रोल्स-रॉईसचं मिटिऑर इंजिन, बारा सिलिंडर आणि ते सुद्धा पेट्रोलवर, पितंय किती त्याला हिशोब नाही. तिथल्याच बसंतरच्या लढाईबद्दल त्यांना कुणी विचारलं की लोकांना वाटायचं आता शौर्याच्या गोष्टी येणार, आणि उस्ताद सांगायचे चिखलात रुतलेल्या रणगाड्याला दोर कुठं बांधायचा, सुरुंगातनं साफ केलेली वाट किती अरुंद आणि रिकव्हरीची गाडी त्या वाटेवरनं एक फूट इकडंतिकडं झाली तर काय. पोरं कंटाळून उठून जायची. मला मात्र त्यातच गोडी वाटायची.

ऐंशीच्या दशकात ते पेन्शन आले तेव्हा त्यांच्या भागात गाड्या होत्याच किती. पण विहिरी होत्या आणि विहिरीवर किर्लोस्करची पाच एचपीची डिझेल इंजिनं होती. बारा सिलिंडरवाला माणूस एका सिलिंडरच्या इंजिनावर बसला आणि त्याला त्यात काही कमीपणा वाटला नाही, ही त्यांची सगळ्यात मोठी गोष्ट असं मी मानतो. तुमच्या मिस्टरांना पण हे लागू आहे. तिकडं कितीही भारी मशीन हाताळलं असलं तरी इथं पहिलं गिऱ्हाईक जुनाट टेम्पो घेऊन येणार, क्लच प्लेट बदला म्हणणार, आणि ते काम पण तेवढंच नीट झालं पाहिजे.

उस्ताद नोझल, व्हॉल्व्ह लॅपिंग, हेड गॅस्केट करायचे, मग गावात लाईट सुधारली, डिझेल इंजिनं गेली, विहिरीवर विजेच्या मोटारी आल्या, तर पन्नाशीच्या पुढं मोटार रिवाइंडिंग शिकले, स्वतःपेक्षा निम्म्या वयाच्या पोराकडं जाऊन. पण कामापेक्षा त्यांची पैशाची पद्धत बघण्यासारखी होती. पहिल्या वर्षी गावानं त्यांना पार लुटलं. भाऊबंद, शाळेतले दोस्त, सरपंच, सगळे काम करून घ्यायचे आणि "अरे तुला पेन्शन आहे की" म्हणून निघून जायचे. हे वाक्य लक्षात ठेवा, तुमच्या मिस्टरांना सुद्धा पहिल्या आठवड्यात ऐकायला मिळणार. फौजेत पार्ट लागला की इंडेंट, म्हणजे मागणीचा कागद, टाकायचा, आला की बसवायचा, किंमत काय हे बघायची वेळ कधी येत नाही, गाडी उभी राहता कामा नये एवढंच डोक्यात. त्यामुळं बाहेर आल्यावर रेट सांगताना जीभ अडखळते, पाचशेचं काम असेल तर तोंडातनं दोनशे निघतं, ते पण खाली बघून. कामात वाघ असलेली माणसं या एका गोष्टीपायी दोन वर्षात शटर ओढून सिक्युरिटीला लागलेली मी पाहिलीत.

काकूंनी, म्हणजे उस्तादांच्या मंडळींनी, ते बंद केलं. चौथी पास बाई. एक वही केली आणि सांगून टाकलं की पैसे माझ्याकडं द्यायचे, यांच्याशी बोलायचं नाही. आता गंमत बघा, जो माणूस उस्तादांशी अर्धा तास घासाघीस करायचा तो काकूंपुढं खिशातनं गपचूप नोटा काढायचा. उस्ताद पण सुटले, कुणी कमी-जास्त म्हणलं की हात पुसत "आत विचारा" एवढंच बोलायचे. उधारी असायचीच, गावात उधारीशिवाय धंदा होत नाही, पण कुणाची किती आणि कधीपर्यंत हे काकूंना पाठ. दोन मुलींची शिक्षणं, लग्नं, आईचं आजारपण, विहीर, सगळं त्या वहीतनं निघालं. पेन्शन किती येते हे गावात शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही.

म्हणून म्हणतो, गॅरेजच्या टेबलावर तुम्ही बसा. रोज बसायला जमणार नसेल, शेती आहे, पोरं आहेत, तर संध्याकाळी तासभर तरी. क्यूआर कोड तुमच्या खात्याचा लावा. जॉब कार्ड ठेवा, गाडी आली की नंबर, किलोमीटर, तक्रार काय, आणि काम सुरू करायच्या आधी अंदाजे खर्च लिहून गिऱ्हाइकाची सही. ही जॉब कार्डची सवय फौजीला असतेच, फक्त त्यात पैशाचा रकाना नसतो तो वाढवायचा. मजुरी वेगळी, पार्ट वेगळे, पार्टचं बिल दाखवायचं. आणि फॉल्ट शोधायचे पैसे घ्यायचे, तिथं लाजायचं नाही. "नुसतं बघितलंच तर" म्हणणाऱ्या माणसानं तुमचा दीड तास खाल्लेला असतो.

आपल्याकडच्या उधारीचा हंगाम ऊसाचा. कारखाने ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होतात, मार्च-एप्रिलपर्यंत चालतात, त्यात ट्रॉल्यांचे हब, बेअरिंग, स्प्रिंगपाटे, हुक, रात्री बेरात्री फोन, शेतात रुतलेली ट्रॉल्यांची जोडी. रिकव्हरी केलेल्या माणसाला हे काम म्हणजे डाव्या हाताचा खेळ आणि रात्रीच्या कॉलला दुप्पट घ्यायला काही हरकत नाही. पण पैसे विचारले की उत्तर ठरलेलं, "कारखान्याचं बिल आलं की देतो". कायद्यानं ऊस गेल्यापासून १४ दिवसात एफआरपी, म्हणजे ऊसाचा सरकारनं ठरवलेला किमान दर, द्यायची असते, देतात कधी ते तुम्ही शेतकरी असाल तर मी सांगायला नको. तेव्हा पार्टचे पैसे रोख आणि मजुरी बिलावर, एवढी सूट पुरे. पार्ट पण उधार आणि मजुरी पण उधार असं झालं की तुम्ही गॅरेज नाही, पतसंस्था चालवताय.

पैशाचं दुसरं टोक म्हणजे घरी येतानाची एकरकमी रक्कम. ग्रॅच्युइटी, फंड, आर्मी ग्रुप इन्शुरन्सची मॅच्युरिटी, साठलेल्या रजेचा पगार (३०० दिवसांपर्यंत मिळतो) आणि वर पेन्शनचं कम्युटेशन. कम्युटेशन म्हणजे काय ते नीट समजून घ्या. बेसिक पेन्शनचा ५० टक्क्यांपर्यंत भाग विकता येतो, चाळिशीच्या आसपास गुणक नऊच्या जरा वर असतो. समजा बेसिक पेन्शन २०,००० आहे, त्यातली निम्मी १०,००० विकली, तर १०,००० गुणिले १२ गुणिले नऊ म्हणजे १०.८० लाखाच्या आसपास हातात येतात आणि १५ वर्षं ती १०,००० महिन्याला येत नाही. पंधरा वर्षांनी पुन्हा चालू होते. महागाई भत्ता मात्र पूर्ण बेसिकवर मिळत राहतो. घ्यावं का? बहुतेक सगळे घेतात, मला पण त्यात वावगं वाटत नाही, पण घेतलं तर त्या पैशाला आधीच काम ठरलेलं पाहिजे, घर नाहीतर पोरांचं शिक्षण. नाहीतर गावात बातमी तुमच्या आधी पोचलेली असते. जमीनवाला येतो, पैसे डबल करणारा येतो, मेव्हण्याला टेम्पो पाहिजे असतो, आणि ग्रामपंचायतीची इलेक्शन जवळ असली तर दोन्ही गट दारात, "फौजी माणूस, स्वच्छ प्रतिमा, तुम्हीच उभं राहा". स्वच्छ प्रतिमेचा खर्च कोण करणार ते शेवटी कळतं. पहिलं वर्षभर ते पैसे दोघांच्या नावावर एफडीत राहू द्या, कुणी मागितले तर लॉक आहेत म्हणून सांगा, आणि खरंच लॉक करा म्हणजे खोटं बोलावं लागणार नाही.

मग गॅरेजला पैसा कुठनं? पीएमईजीपी बघा, केंद्र सरकारची कर्ज आणि अनुदानाची स्कीम. सर्व्हिस धंद्याला २० लाखांपर्यंत प्रोजेक्ट, माजी सैनिक स्पेशल कॅटेगरीत येतात, ग्रामीण भागात ३५ टक्के अनुदान आणि स्वतःचे फक्त ५ टक्के. चालू वर्षाचे नियम साताऱ्याला जिल्हा उद्योग केंद्रात विचारून घ्या. एक गोष्ट मात्र पक्की, ही स्कीम नवीन धंद्यासाठीच आहे, आधी शेड टाकून उद्घाटन करून मग अर्ज केला तर बसत नाही, आणि आपले फौजी नेमकं तेच करतात, आधी नारळ फोडतात. उद्यम नोंदणी फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका. कर्ज मिळतंय म्हणून वीस लाखाचं पण करू नका. सुरुवातीला भाड्याचा गाळा, कॉम्प्रेसर, वेल्डिंग, चांगला सॉकेट सेट, टॉर्क रेंच, जॅक-स्टँड, मध्यम किमतीचा स्कॅनर एवढं पुरतं. टू-पोस्ट लिफ्ट गिऱ्हाईक वाढल्यावर. आणि गाळा बघतानाच तिथं थ्री-फेज आहे का ते बघा, नसेल तर महावितरणचा अर्ज भाडं सुरू व्हायच्या आधी गेला पाहिजे.

कागदांचं थोडक्यात सांगतो पण हे सगळ्यात आधी करा, मिस्टर युनिटमध्ये आहेत तोवरच. तुमचं नाव, जन्मतारीख, लग्नाची तारीख, पोरांची नावं पार्ट टू ऑर्डरमध्ये, म्हणजे फौजेच्या रेकॉर्डमधल्या नोंदीत, कशी आहेत ते मागवून घ्या आणि आधारशी एकेक अक्षर जुळवा. माहेरचं नाव एका कागदावर, सासरचं दुसऱ्यावर, हे आपल्याकडं घरोघरी असतं. नवरा असताना ते चालून जातं, तो गेल्यावर बाईला फॅमिली पेन्शनसाठी ऑफिसांच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. सर्व्हिसमध्ये असताना दुरुस्ती सोपी, नंतर रेकॉर्ड ऑफिसशी पत्रव्यवहार. पेन्शनचं खातं दोघांचं जॉइंट करा. पेन्शन आता स्पर्श या ऑनलाइन पोर्टलवरनं येते, हयातीचा दाखला दरवर्षी वेळेवर गेला नाही तर थांबते, त्याचा पासवर्ड तुम्हाला पण माहीत पाहिजे. आणि रिलीज मेडिकल बोर्डाला, म्हणजे फौज सोडतानाच्या तपासणीला, फौजी लोक छाती काढून "सब ठीक है साब" म्हणतात, ते करू देऊ नका. मेकॅनिकचे कान आणि कंबर दोन्ही गेलेले असतात. जे आहे ते तिथं सांगितलं आणि लिहून आलं तरच पुढं डिसॅबिलिटीचा विषय निघतो, घरी आल्यावर कंबर दुखतीय म्हणून कुणी विचारत नाही. ईसीएचएसचं (माजी सैनिकांच्या दवाखान्याच्या योजनेचं) कार्ड, कॅन्टीन कार्ड, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचं ओळखपत्र, ग्रामपंचायतीत घरपट्टी माफीचा अर्ज, हे मग आल्यावर एका महिन्यात उरकून टाका.

आता घर. इथं जरा मोकळं लिहितो, राग मानू नका.

फौजीच्या पोरांना बाप माहीत असतो तो सुट्टीतला. वर्षाला ६० दिवस रजा, मध्ये कॅज्युअल, कॅन्टीनच्या वस्तू, जत्रा, हॉटेल. तो बाप लाडका असतो कारण तो जाणार असतो. आता तोच बाप रोज सकाळी पाचला उठून "अजून झोपलात?" म्हणणार, चादरीची घडी बघणार, भांडी कशी लावलीत बघणार, आणि तुमचा पोरगा दहावीत असेल तर दोघांची पहिली ठिणगी पंधरा दिवसात पडणार. त्यात त्यांचा दोष नाही, आयुष्यभर तेच केलं. पण घर म्हणजे बॅरेक नव्हे आणि तुमचं घर त्यांच्याशिवाय चालायला शिकलंय, ही गोष्ट फौजी माणसाला फार लागते, बोलून दाखवत नाही, चिडचिड करतो. नवी सून पहिलं वर्ष सगळं बघून घेते, कुठला डबा कुठं, कुणाला काय चालतं, तसं त्यांनी बघून घ्यायचं. हे त्यांना तुम्ही सांगू नका, एखाद्या जुन्या पेन्शनरकडनं सांगवा, आपल्यातल्याचं ऐकतात.

आणि त्यांना घरात एक पक्कं खातं द्या, ज्यात तुम्ही अजिबात हात घालणार नाही. माझ्या घरी म्हाताऱ्यांची औषधं, दवाखाने आणि पोरांना सोडणं-आणणं माझ्याकडं होतं, हिशोब आणि बँक मंडळींकडं, आजही तसंच आहे. सासू-सासऱ्यांना ईसीएचएसला न्यायचं काम त्यांना द्या, अवलंबित म्हणून कार्ड बसत असेल तर. त्यात दिवस जातो, रांगेत जुने फौजी भेटतात, गप्पा होतात, माणूस ताजा होऊन घरी येतो. "मला मदत करा" म्हणू नका, मदतीला फौजी येतो आणि मग कमांड घेतो. सरळ चार्ज द्या.

उस्तादांच्या घरी पुढं उलटं झालं. काकूंना अर्धांगाचा झटका आला, डावी बाजू गेली. उस्तादांनी रस्त्यावरचं दुकान शिष्याला दिलं आणि रिवाइंडिंगचं टेबल घराच्या पडवीत आणलं, कारण ते काम बसून होतं आणि काकूंनी हाक मारली की ऐकू येत होती. साठीचा माणूस भाकरी थापायला शिकला, पहिल्या पहिल्यांदा नकाशे व्हायचे. ईसीएचएस २००३ ला चालू झालं, १९९६ च्या आधी पेन्शन आलेल्यांना त्याची वर्गणी नव्हती, तेव्हा काकूंना घेऊन साताऱ्याला जायचे, टेम्पोत गादी टाकून. वही मात्र काकूंकडंच राहिली. उजवा हात चालत होता ना. गिऱ्हाईक पैसे द्यायला आत जायचं, तेवढंच त्यांच्याशी दोन शब्द बोलायचं, आणि मला पक्कं वाटतं की उस्तादांनी वही त्यांच्याकडं मुद्दाम ठेवली होती. दुसऱ्या कुणी घेतो म्हणलं की चिडायचे. असं पंधरा वर्षं चाललं त्यांचं. गावात लोक त्यांना १९७१ चा सैनिक म्हणून १५ ऑगस्टला खुर्ची द्यायचे, हार घालायचे. त्या पडवीतल्या कामाला कुणी हार घातला नाही, घालायची पद्धत पण नाही म्हणा.

दारूचं पण लिहितो कारण कोण लिहीत नाही. कॅन्टीनचा कोटा असतो, गॅरेजवर संध्याकाळी चार दोस्त जमतात, फौजीची रम म्हणून गावाला कौतुक. गॅरेजच्या जागेत बाटली उघडायची नाही हा नियम पहिल्या दिवशी करा. एकदा तिथं बैठक बसली की बायामाणसं स्कूटी दुरुस्तीला यायची बंद होतात, मुलं हाताखाली ठेवायला आईबाप तयार होत नाहीत, धंदा तिथनंच उतरतो. हाताखालच्या पोरांवर ओरडणं पण कमी ठेवायला सांगा. फौजेत उस्तादाची शिवी प्रसाद म्हणून घेतात, इथं बारावी नापास पोरगं सुद्धा पान्हा टाकून समोरच्या गॅरेजला जातं. अग्निवीर होऊन चार वर्षांनी बाहेर पडणारी पोरं पण आता दारात येतील, पेन्शन नाही, हातात सेवा निधीची एकरकमी रक्कम आणि अर्धवट शिकलेला ट्रेड. तुमच्या मिस्टरांसारख्या माणसाकडं त्यांनी दोन वर्षं काम केलं तर त्यांचं पण भलं होईल आणि शिस्तीतला माणूस गॅरेजला मिळेल.

राहिला सासऱ्यांचा मुद्दा. त्यांची काळजी चुकीची नाही, त्यांनी दुष्काळ बघितलाय, पगार म्हणजे पगार. गार्डची नोकरी वाईट नाही, मेस्कोतनं, म्हणजे राज्याच्या माजी सैनिक महामंडळातनं, मिळते, बँकांत मिळते, आणि ज्याच्या हातात ट्रेड नाही त्याच्यासाठी ती चांगलीच आहे. पण व्हेईकल मेकॅनिकला एटीएमपुढं खुर्चीवर बसवणं मला पटत नाही. नोकरीच हवी असेल तर ट्रेडची बघा, एसटीच्या वर्कशॉपला, सरकारी गाड्यांच्या विभागात भरती निघते. राज्यात माजी सैनिकांना १५ टक्के समांतर आरक्षण आहे, केंद्रात गट क ला १० टक्के. फॉर्म भरत राहायचे, लागलं तर ठीक. सासऱ्यांना असं सांगा की सहा-आठ महिने दुसऱ्याच्या गॅरेजला पगारावर काम करणार आहे, पेन्शन चालू आहे, फंड एफडीत आहे, त्यांचं निम्मं टेन्शन तिथंच जाईल. आणि त्यांना गॅरेजच्या बाहेर एक खुर्ची टाकून द्या. म्हातारी माणसं गिऱ्हाईक बोलण्यात गुंतवून ठेवतात आणि कोण उधारी बुडवणारा आहे हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं, त्याच्या बापाला पण ओळखत असतात.

मिस्टरांना म्हणावं पेन्शन आल्यावर नोव्हेंबरात माझ्याकडं या, कारखाने चालू झाले की मला माणूस लागतोच. सीझनभर राहा, पगार देईन, स्कॅनर हाताळायला मिळेल. फक्त अट एक, पहिल्या दिवसापासून गिऱ्हाइकाला रेट त्यांनी सांगायचा, मी मध्ये बोलणार नाही, आणि कमी सांगितला तर फरक त्यांच्या पगारातनं. तुम्ही पण एकदा बरोबर या, आमच्या मंडळी वही कशी ठेवतात ते दाखवतील.